अठरा महिने

शुक्रवार. सोहारमधली शटरं नमाजापर्यंत खाली.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी यादी उघडून बसलोय:
मराठी गट, तेवीस खाती.
त्यातली बोलती सहा.

नियम माझा नाही, वरून आलाय.
अठरा महिने जो एकही ओळ हलवत नाही
त्याचा तपासनिसाचा हक्क काढावा,
सुचवण्याचा राहू द्यावा.
म्हणजे ओसरीवर बसता येईल,
माजघरात नाही.

बंदरावरच्या गोदामात मी दिवसभर हेच करतो.
कुणाचा गेटपास कधी संपतो,
कुणाच्या गळ्यातली पट्टी हिरव्याची पिवळी करायची.
माझ्या बताक्याची तारीख फ्रिजवर, चुंबकाखाली.
ती वाढवणारा कोण, मला ठाऊक आहे.
त्याला मी ठाऊक आहे का, कोण जाणे.

चला.
वसुधा गोडांबे. लग्न झालं, आडनाव बदललं,
खातं माहेरच्या नावानं थांबून राहिलंय.
काढला.
तिखटमीठ९. एका रात्रीत चारशे ओळी,
सगळ्या यंत्राकडून करून घेतलेल्या;
माउसचा त्यानं सगळीकडे उंदीर केला होता.
त्याला हक्क दिलाच नव्हता, काढायचा काय.
आणि हमदुले७१.

लियाकत हमदुले. मूळ हर्णैचा, जुबैलला पाइपफिटिंगचा फोरमन.
शिफ्ट संपली की कॅम्पमधल्या वरच्या खाटेवरून
रोज पाच-सहा ओळी, जास्त नाहीत,
पण ऱ्हस्वदीर्घाला हात लावायची गरज नाही.
सेव्हला 'जतन करा' त्याला खपायचं नाही.
म्हणायचा, आई डबा 'ठेव' म्हणते,
डबा जतन कर कोण म्हणतं?
मी 'जतन करा'च ठेवलं. किल्ली माझ्याकडे होती.

मग लॉग आउटचं बटण.
मी लिहिलं होतं, 'बाहेर पडा'.
हमदुले: हाकलतोस काय माणसाला?
त्यानं सुचवलं, 'येतो'.
आपल्यात जाताना जातो म्हणतात का कुणी?
मी: बटण माणसाशी बोलतं, माणूस बटणाशी नाही.
हमदुले: दाबतं कोण मग?
नामंजूर. तारीख, वेळ, माझं नाव.
ते अजून तिथंच आहे. नोंद पुसता येत नाही,
मलासुद्धा.

मंगळवारी एका अनोळखी पत्त्यावरून:
मी हमदुले. कॅम्प बंद झाला.
मेल कंपनीचा होता,
मी विमानतळावर पोचायच्या आत तोही बंद.
नवा पासवर्ड जातो त्याच मेलवर.
आता घरीच आहे, गुडघे दुखतात, वेळ भरपूर.
आत घे.

असं कुणीही लिहील.
खात्री करा, असं नियमात आहे; कशी, ते नाही.
पासपोर्टचा फोटो मागू?
आयुष्यभर सगळ्यांनी त्याच्याकडे तोच मागितला.
मी एवढंच विचारलं:
आपलं भांडण कोणत्या बटणावरून झालं होतं?

पाठवल्यावर सुचलं, ते भांडण उघडंच आहे,
वाटेल त्याला वाचता येतं.
झाली माझी खात्री!

दोन दिवस काही नाही.
काल रात्री उत्तर आलं:
बटण विसरलो.
चूक तुझी होती, एवढं पक्कं आठवतं.

जुनं खातं मी बंद केलं, एकोणीस महिन्यांचं.
नव्याला हक्क दिला, सुचवण्याचा नव्हे, तपासायचा.
आता मनात आलं तर तो माझ्या सगळ्या ओळी
उलट्यापालट्या करू शकतो.
खाली एक चौकोन असतो: मुदत कधी संपते?
मी तो रिकामा सोडला
आणि थांबलो थोडा, लाल काही होतंय का बघत.
नाही झालं.
चालतं म्हणजे तसं.

बादली भरली होती. उठलो.